आईच्या अंगचं काय येतं, काय येत नाही

  मी तुमच्या गटांची समन्वयक. एरवी माझं बोलणं असतं ते हप्त्यांचं, बँकेच्या कर्जाचं आणि नोंदवहीचं. पण आपल्या दशसूत्रीत आरोग्याचंही एक सूत्र आहे, आणि ते आपण बैठकीत भरभर वाचून पुढे जातो. आज त्याच सूत्रावर थोडं थांबायचं आहे.

मागच्या महिन्यात एका गावात गटाची बैठक संपली. सगळ्या उठल्या, एक ताई मात्र सतरंजीची घडी करत मागे राहिली. मला म्हणाली, "ताई, एक इचारू का? माह्या पोरीची सोयरीक मोडली." मी विचारलं, काय झालं? तर ह्या ताईला स्वतःला सोरायसिस आहे, म्हणजे अंगावर कोंड्याचे चट्टे येतात तो आजार. तिच्या बहिणीला थायरॉइड आहे. मुलाकडच्यांना कुठून तरी कळलं. त्यांनी निरोप पाठवला की, घरात रोगाचं बी आहे, आम्हाला नको. आणि मग ती ताई हळूच म्हणाली, "खरंच का वं ताई, माह्या पोरीत बी हाय का ते? मीच देलं का तिले?"

मैत्रिणींनो, मी त्या वेळी तिला नीट उत्तर देऊ शकले नाही. बस यायची होती, आणि खरं सांगायचं तर माझा गळा भरून आला होता. कारण हाच प्रश्न माझ्या माहेरी, माझ्याच बाबतीत निघाला होता. म्हणून आज तिला आणि तुम्हा सगळ्यांना निवांतपणे सांगते.

आधी माझ्या माहेरच्या चार बायकांची गोष्ट ऐका.

पहिली माझी आई. तिला सोरायसिस. कोपरांवर, गुडघ्यांवर आणि डोक्यात लालसर चट्टे, आणि त्यांवर चंदेरी कोंडा. मी शाळेत जायला लागले तेव्हापासून मला ते आठवतं. थंडीत वाढायचं, मग जरा कमी व्हायचं. कापूस वेचताना बोंडांच्या टोकांनी हात खरचटले की पुढे नेमका तिथेच नवा चट्टा उठायचा. थायरॉइड मात्र आईला नाही. दोनदा तपासून झालं.

दुसरी माझी मोठी बहीण. तिलाही तिशीत सोरायसिस निघाला. थायरॉइड तिलाही नाही.

तिसरी मी. माझ्या अंगावर एक चट्टा नाही. पण दुसऱ्या बाळंतपणानंतर सातव्या-आठव्या महिन्यात माझे केस मुठीने गळायला लागले. सकाळी उठवत नव्हतं. पाळी जास्त जायची, आवाज घोगरा झाला, चेहरा सुजल्यासारखा दिसायचा. जेवण कमी झालं तरी वजन वाढतच होतं. सासूबाई म्हणायच्या, "लेकरं काय आम्ही नाही केली?" एका दवाखान्यात मला कित्येक महिने फक्त रक्त वाढायच्या गोळ्या दिल्या. शेवटी यवतमाळला गेले, तिथल्या डॉक्टर मॅडमनी गळ्याला हात लावून पाहिलं, रक्त तपासायला पाठवलं, आणि थायरॉइड निघाला.

चौथी माझी मावशी, आईची धाकटी बहीण. तिला दोन्ही. आधी सोरायसिस, आणि पुढे थायरॉइड. पण तिचा थायरॉइड कळायला फार वर्षं गेली. अंग कोरडं पडतं ते चट्ट्यांमुळे, थकवा येतो तो वयामुळे, असंच सगळे म्हणत राहिले. आपल्याकडचा मे महिना कसा असतो ते मी सांगायला नको. त्या उन्हाळ्यातसुद्धा मावशी म्हणायची, "मले तं थंडी वाजते वं, गोधडी दे." आम्ही हसायचो. आज त्या हसण्याची लाज वाटते. ते थायरॉइडचंच लक्षण होतं.

माझा रिपोर्ट आला त्या दिवशी आई रडली. म्हणाली, "माह्याच अंगचं तुले आलं." ही तीच आई, जी मला पाहायला पाहुणे आले तेव्हा भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचं पोलकं घालून आतल्या खोलीत बसून राहिली होती. पाहुणे गेल्यावरच ती बाहेर आली. मुलीचं लग्न मोडू नये म्हणून.

आता बघा, एकाच घरातल्या चार बायका. दोघींना नुसता सोरायसिस, एकीला नुसता थायरॉइड, एकीला दोन्ही. आईच्या अंगचंच येत असतं, तर आईला जे नाही ते मला कसं आलं? आणि आईला जे आहे ते मला का नाही आलं? हाच प्रश्न मी त्या डॉक्टर मॅडमना विचारला. त्यांनी जे सांगितलं आणि नंतर मी जे वाचलं, ते आपल्या भाषेत सांगते.

आधी हे दोन आजार काय आहेत ते समजून घेऊ. आपल्या शरीरात राखणदार असतात. जखमेतून जंतू शिरला, ताप आला, की हे राखणदार त्याच्यावर तुटून पडतात. त्यालाच आपण रोगप्रतिकारक शक्ती म्हणतो. पण कधी कधी हे राखणदार चुकतात आणि आपल्याच माणसाला चोर समजून मारायला लागतात. आपल्याकडे म्हणतात ना, कुंपणानंच शेत खाल्लं. अगदी तसंच. सोरायसिसमध्ये ह्या चुकीचा त्रास कातडीला होतो. कातडीची नवी पेशी वर यायला एरवी महिनाभर लागतो, ती इथे काही दिवसांत वर येते. म्हणून कोंडा साचतो. थायरॉइडच्या ह्या आजारात मार बसतो तो गळ्यातल्या ग्रंथीला. ही ग्रंथी फुलपाखराच्या आकाराची असते, गळ्याच्या पुढच्या बाजूला, मंगळसूत्राच्या जरा वर. ती एक रस तयार करते, हार्मोन म्हणतात त्याला. शरीराची चूल कमी-जास्त करायचं काम तो रस करतो. ग्रंथी मार खाऊन खाऊन दमली की चूल मंद होते. मग थकवा, थंडी, वजन, बद्धकोष्ठ, केस गळणं, पाळीचा त्रास आणि मनाची उदासी. काही जणींत उलटं होतं. राखणदार ग्रंथीला मारण्याऐवजी सारखं डिवचतात, आणि चूल भडकते. मग वजन उतरतं, छाती धडधडते, हात थरथरतात, घाम फुटतो, काहींचे डोळे मोठे दिसतात.

मंद थायरॉइडचा हा आजार पहिल्यांदा नीट लिहून ठेवला तो जपानच्या एका तरुण डॉक्टरनं. हाकारू हाशिमोतो त्यांचं नाव. १९१२ साली त्यांनी चार रुग्णांच्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. चौघीही बायकाच होत्या. आजही ह्या आजाराला हाशिमोतोचा आजार म्हणतात. हे डॉक्टर पुढे आपल्या गावी परतले, तिथेच लोकांना औषधपाणी करत राहिले आणि १९३४ मध्ये विषमज्वरानं गेले. आपण काय शोधलं त्याचं मोल जगाला कळलंय, हे पाहायला ते राहिले नाहीत. कारण राखणदारच ग्रंथीवर उलटतात हे १९५६ मध्ये लंडनमध्ये सिद्ध झालं. त्या शोधात डेबोरा डोनियाक नावाच्या डॉक्टर बाईंचा मोठा वाटा होता. अशा रुग्णांच्या रक्तात ग्रंथीच्या विरोधातली हत्यारं सापडली. त्यांना अँटिबॉडी म्हणतात.

आता मुद्द्यावर येते. वारसा.

वारसा म्हटलं की आपल्या विदर्भातल्या बाईला सिकलसेल आठवतो. मध्य भारतातल्या लोकांत सिकलसेलचा गुण आहे हे नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ मध्येच छापून सांगितलं होतं. आता २०२३ पासून सरकारचं त्याचं राष्ट्रीय अभियानही सुरू आहे. सिकलसेलचं गणित सरळ आहे. एकच जनुक बिघडलेलं असतं. जनुक म्हणजे आईबापांकडून आलेली शरीराची लिहिलेली सूचना. आई आणि बाप दोघंही वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणाला मूल सिकलसेलचं रुग्ण होण्याची शक्यता १०० मध्ये २५. म्हणून तिथे लग्नाआधी दोघांची तपासणी करणं शहाणपणाचं आहे.

पण सगळे आजार सिकलसेलसारखे नसतात. ही गोष्ट आज घट्ट धरून ठेवा. थायरॉइडचा हा आजार आणि सोरायसिस ह्यांच्यात एक जनुक नाही, अनेक जनुकं असतात, आणि एकेकाचा वाटा लहानसा असतो. काही जनुकं राखणदाराला ओळखपत्र दाखवण्याचं काम करतात, हा आपला, हा परका. ओळखपत्र वाचण्यात गोंधळ झाला की राखणदार चुकतो. काही जनुकं ब्रेकचं काम करतात. राखणदार धावला, काम झालं, आता थांब, असं सांगणारी. ब्रेक थोडा सैल असला की तो थांबत नाही. असे थोडे थोडे सैलपण एकाच माणसात जमा झाले, तर कल तयार होतो. कल म्हणजे आजार नव्हे. उतारावर उभी असलेली बैलगाडी आणि घसरलेली बैलगाडी ह्यात फरक आहे ना?

आणि हे कशावरून, तर जुळ्यांवरून. युरोपात डेन्मार्क नावाचा छोटा देश आहे. तिथे जुळ्यांची नोंद अनेक दशकं ठेवली जाते. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांची जनुकं सारखीच असतात. आजार फक्त जनुकांतून आला असता, तर अशा जुळ्यांपैकी एकीला झाला की दुसरीला झालाच पाहिजे. पण २००० साली छापलेल्या अभ्यासात मंद थायरॉइडच्या ह्या आजाराबाबत हे प्रमाण १०० मध्ये ५५ निघालं. सारखी जनुकं नसलेल्या जुळ्यांत तर दोघींनाही आजार असलेली एकही जोडी मिळाली नाही. म्हणजे वारसा खरा आहे, मोठाही आहे. पण सगळं लिहिलेलं जसंच्या तसं येत असतं, तर १०० पैकी १०० झाले असते. उरलेलं काम बाहेरच्या गोष्टी करतात. बाळंतपण, संसर्ग, मनावरचा मोठा ताण, गरजेपेक्षा जास्त आयोडीन, आणि काही कारणं अशी की जी अजून कुणाच्या हाती लागलेली नाहीत.

आपण शेतकरी बायका. एकाच पिशवीतलं बियाणं दोन वावरांत पेरलं, तर पीक सारखं येतं का? जमीन वेगळी, पाऊस वेगळा, आणि एखाद्या वावरात रोही शिरतात तेही वेगळं.

आता सोरायसिस आणि थायरॉइड ह्यांचं नातं. सोरायसिस असलेल्या आणि नसलेल्या माणसांची तुलना अनेक देशांत झाली आहे. काही अभ्यासांत सोरायसिसवाल्यांच्या रक्तात थायरॉइडच्या विरोधातल्या अँटिबॉडी जास्त मिळाल्या. ज्यांचे सांधेही सोरायसिसनं दुखतात त्यांच्यात विशेष. पण काही अभ्यासांत दोन्ही गटांत फरक दिसलाच नाही. याचा अर्थ असा की दोन्ही आजारांची मुळं काही ठिकाणी एकमेकांत गुंतलेली असतील, पण प्रत्येकाची स्वतःची वेगळी मुळंही आहेत. ओळखपत्रं दाखवणारी जी जनुकं आहेत, त्यांच्यातलं सोरायसिसशी सगळ्यात जास्त जोडलेलं जनुक वेगळं आणि थायरॉइडशी जोडलेली वेगळी. म्हणूनच माझ्या घरात चार बायकांची तीन चित्रं आहेत. मावशीच्या वाट्याला दोन्हीकडचा कल आला, माझ्या वाट्याला एकच, आणि माझ्या बाबतीत बाळंतपणानं गाडी ढकलली.

आणखी एक फरक सांगते. सोरायसिस बाई-माणूस बघत नाही, दोघांना जवळपास सारखाच होतो. पण थायरॉइडचा हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी पट जास्त होतो. आता विचार करा. मूल अर्धी जनुकं आईकडून घेतं आणि अर्धी बापाकडून. बापामध्येही थायरॉइडचा कल असू शकतो, पण पुरुष असल्यामुळे तो आयुष्यभर दिसत नाही. मग मुलीला आजार झाला की सगळं बोट आईकडे. "तुझ्या आईच्या अंगचं." बापाच्या अंगचं असं कुणी म्हणताना तुम्ही ऐकलं आहे का? माझ्या आईला थायरॉइड नाही. माझा कल बाबांच्या घरून आला असेल, दोन्हीकडून थोडा थोडा आला असेल. कोण सांगणार? पण रडली आई.

कुणी म्हणेल, मग हा आजार आपल्याकडे कितीसा आहे? मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ ठिकाणी पाच हजारांवर मोठ्या माणसांची तपासणी झाली होती, तिचा निकाल २०१३ मध्ये छापून आला. थायरॉइड मंद असलेली माणसं १०० मध्ये साधारण ११ निघाली, आणि त्यांत बायका जास्त. त्यांतल्या कित्येकांना तोवर माहीतच नव्हतं. अँटिबॉडी मात्र १०० मध्ये जवळपास २२ जणांच्या रक्तात होत्या. म्हणजे रक्तात खूण असलेली किमान निम्मी माणसं आजारी नव्हती. हा अभ्यास शहरांतला आहे, खेड्यातला नाही. पण आपल्या दहा-बारा जणींच्या गटात एखादी अशी असू शकते, एवढं त्यावरून ध्यानात घ्या.

आमच्याच एका गटात अशी एक जण होती. बैठकीला उशिरा यायची, हप्ता थकायचा, बोलता बोलता पेंगायची. दोन-तीन जणींनी तिला दंड लावायचा ठराव मांडला. कुणी म्हणालं कामचोर आहे, कुणी म्हणालं नवऱ्याशी पटत नाही. मी माझ्या अनुभवामुळे तिला बाजूला घेऊन विचारलं, थंडी वाजते का, पाळी कशी आहे, केस गळतात का. ती सगळ्याला हो म्हणत गेली. तपासणीत थायरॉइड फारच मंद निघाला. दंडाऐवजी गटानं तिला अंतर्गत कर्ज दिलं, तपासणीला आणि येण्याजाण्याला. गोळी सुरू झाल्यावर काही महिन्यांनी तीच आता गटाची नोंदवही लिहिते.

आता आपण काय करायचं ते सांगते. नीट ऐका, जमलं तर लिहून घ्या.

पहिली गोष्ट. स्वतःला सोरायसिस असेल, किंवा आई, बहीण, मावशी, आत्या यांपैकी कुणाला थायरॉइड असेल, तर घाबरायचं नाही, पण लक्ष ठेवायचं. मी सांगितलेली लक्षणं दिसली, गळा फुगलेला वाटला, दिवस राहत नसतील किंवा वारंवार गर्भ पडत असेल, तर डॉक्टरांना सांगून टीएसएच नावाची रक्ततपासणी करून घ्यायची. ह्या तपासणीत पुष्कळ जणी गोंधळतात. आकडा वाढला म्हणजे थायरॉइड वाढला असं नाही. टीएसएच म्हणजे मेंदूची ग्रंथीला मारलेली हाक. ग्रंथी काम करेना की हाक मोठी होते. म्हणून आकडा जास्त असेल तर बहुतेक वेळा ग्रंथी मंद असते. अँटिबॉडी सापडल्या पण टीएसएच ठीक असेल, तर लगेच गोळी लागतेच असं नाही. डॉक्टर सांगतील तशी मधूनमधून तपासणी करायची.

दुसरी गोष्ट, दिवस गेलेल्या सुनेसाठी. गर्भारपणात थायरॉइडची तपासणी कुणाची करायची यासाठी केंद्र सरकारनं २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात जवळच्या नात्यात थायरॉइड असणं, स्वतःला असा कुंपणानं शेत खाणारा दुसरा आजार असणं, आधी गर्भ पडलेला असणं, ही कारणं दिली आहेत. म्हणून नाव नोंदवतानाच सिस्टरला घरचा इतिहास सांगा. लपवू नका. पहिल्या महिन्यांत बाळाच्या मेंदूला आईच्याच थायरॉइडचा रस लागतो. आधीपासून गोळी चालू असेल तर पाळी चुकल्याबरोबर डॉक्टरांना गाठा, कारण बहुतेक जणींची मात्रा त्या काळात वाढवावी लागते. बाळंतपणानंतरचं पहिलं वर्षही जपा. माझं तेव्हाच झालं.

तिसरी गोष्ट, गोळी कशी घ्यायची. सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत, आणि मग अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत नाही. मध्ये चार तास जाऊ द्या, नाहीतर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही. सोयाबीनच्या वड्याही त्या वेळेपासून लांब ठेवा. बरं वाटलं म्हणून गोळी बंद करू नका. बरं वाटतंय ते गोळीमुळेच.

चौथी गोष्ट, मीठ. थायरॉइड झाला म्हणून कुणी आयोडीनचं मीठ बंद करतं, कुणी दुप्पट खातं. दोन्ही चूक. साधं आयोडीनचं मीठ नेहमीच्या प्रमाणात खा. बिनआयोडीनचं मीठ खाण्यासाठी विकायला २००६ पासून बंदी आहे, ती पोटातल्या बाळांच्या डोक्यासाठी. पण जास्त आयोडीन खाऊन हा आजार जात नाही, उलट बिघडू शकतो.

पाचवी गोष्ट, चट्टे. सोरायसिस शिवल्यानं लागत नाही. एका ताटात जेवा, एका खाटेवर झोपा, लेकरू कडेवर घ्या, काही होत नाही. पुष्कळ लोक त्याला कुष्ठरोग समजतात. कुष्ठाच्या चट्ट्यावर बहुतेक वेळा बधिरपणा असतो, सोरायसिसच्या चट्ट्याला खाज आणि कोंडा असतो. शंका आली तर आशाताईला दाखवा. आणि कुष्ठ निघाला तरी त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, तो पूर्ण बरा होतो, त्यातही लाज नाही. सोरायसिससाठी मात्र कुणी "मुळापासून काढतो" म्हणून पुड्या किंवा गोळ्या देत असेल तर सावध राहा. अशा औषधांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं. आठ दिवस कातडी स्वच्छ होते, आणि बंद केलं की दुपटीनं उसळतं. माझ्या बहिणीनं हे भोगलं आहे.

आता पुन्हा त्या ताईकडे येते, जिच्या मुलीची सोयरीक मोडली. ताई, तुम्ही ऐकत असाल. तुम्ही विचारलं होतं, माझ्या मुलीत ते आहे का? खरं उत्तर असं की, इतर मुलींपेक्षा तिचा कल थोडा जास्त असू शकतो. तो तिच्यात उतरला की नाही हे आज कुणी सांगू शकत नाही, आणि उतरला असला तरी आजार होईलच असं नाही. आणि झालाच, तर थायरॉइडची एक लहानशी गोळी आहे, सोरायसिसवर औषधं आहेत. ती शिकेल, कमवेल, संसार करेल, तिला लेकरं होतील. मी करतेच आहे. तुम्ही तिला काही दिलं नाही. जनुकं कुणी निवडून देत नाही. आईनं रंग दिला, नाक दिलं, त्याबद्दल कुणी आईला माफी मागायला लावत नाही. मग याच एका गोष्टीसाठी का?

आणि बाकीच्या मैत्रिणींनो, एक अवघड गोष्ट तुम्हाला सांगते, राग मानू नका. मुलगी पाहायला जातं कोण? आपणच जातो. मुलाची आई म्हणून, मावशी म्हणून, काकू म्हणून. "आईच्या हातावर काय आहे हो?" हे विचारतं कोण? आपणच विचारतो. सिकलसेलची तपासणी दोघांची मागा, ती जरूर मागा, तिथे गणित ठरलेलं आहे. पण चट्टा किंवा थायरॉइड पाहून पोरगी नाकारायची, तर मग आपल्या स्वतःच्या घरात कुणाचा कल कुठे दडला आहे, हे आधी सांगता आलं पाहिजे. ते कुणालाच सांगता येत नाही.

ह्या आठवड्याच्या बैठकीत एवढंच करा. प्रत्येकीनं घरी जाऊन आपल्या आईला, मावशीला, आत्याला विचारा, तुम्हाला कधी थायरॉइड, सोरायसिस, गलगंड असं काही होतं का? नोंदवहीत लिहू नका, ते खासगी आहे. आपल्याजवळ ठेवा आणि दवाखान्यात गेलात की सांगा. त्या माहितीचा खरा उपयोग एवढाच आहे, वेळेत तपासणी.

माझी आई आता वेचणीला अर्ध्या बाहीचं पोलकं घालून जाते. चट्टे आहेतच. पण माझ्या मुलीला कुणी पाहायला येईल, तेव्हा आजी आतल्या खोलीत बसणार नाही, हे आमचं घरात ठरलं आहे.

काही विचारायचं असेल तर तुमच्या गटाच्या बैठकीत मला जरूर विचारा.